शंभर ढीग, एक काटा

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की आमच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही यार्डात संध्याकाळी जाऊन उभं राहावं. ओट्यांवर ढिगाला ढीग लागलेला असतो. हर्रास आटोपलेला, बोली ठरलेली, चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. हमाल बारदाना झटकून पोती भरतात आणि भरलेली पोती एकामागून एक काट्याकडे सरकतात. काट्यापाशी मापारी एकटाच. तो आकडा पाहतो, मोठ्याने बोलतो, लिहितो, पुढचं पोतं. हमालांची टोळी दहाची वीस झाली की पोती लवकर भरतात, पण काट्यापुढची रांग तेवढीच राहते. उलट ती लांबते, कारण पोती आता जास्त वेगानं तिथे येऊन थांबतात.

मी कारंज्यात संगणक शिकवतो. समांतर संगणन हा विषय पहिल्या दिवशी फळ्यावर मांडायचा तर मला यार्डापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. एकच काम अनेक प्रोसेसरांना वाटून दिलं तर वेग किती वाढतो, हा प्रश्न गेली सहा दशकं संशोधकांना पुरून उरला आहे. त्याच काळात दुसरा एक प्रश्न वाढत गेला: माणसं दुरून, यंत्राच्या मार्फत एकमेकांशी बोलू लागली की त्यांच्यात काय घडतं. पहिला प्रश्न अभियंत्यांचा, दुसरा समाजशास्त्रज्ञांचा आणि अर्थशास्त्रज्ञांचा. दोन्हीकडचं संशोधन शेजारी ठेवून वाचलं तेव्हा मला दोन्हीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली. अनेकांना एकत्र आणणं सोपं आहे. त्यांच्यातल्या बोलण्याला काय पडतं आणि सगळ्यांना शेवटी कुठल्या एका काट्यापुढे थांबावं लागतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

दोन्ही शाखांचा उगम एकाच सालात दाखवता येतो. १९६७ च्या एप्रिलमध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६० चे शिल्पकार जीन अ‍ॅमडाल यांनी अमेरिकेतल्या एका संगणक परिषदेत अवघ्या तीन पानांचा निबंध मांडला. त्याच वसंतात स्टॅन्ली मिलग्रम यांनी ‘छोट्या जगा’चा आपला प्रयोग लोकांपुढे आणला: अनोळखी माणसापर्यंत फक्त ओळखीच्या हातून पत्र पोचवायचं, मधे किती हात लागतात ते मोजायचं. एकाने काम वाटण्याची मर्यादा सांगितली, दुसऱ्याने माणसं वाटतात त्यापेक्षा किती जवळ आहेत ते. दोघांच्या वाटा एकत्र यायला चाळीसेक वर्षं गेली.

अ‍ॅमडाल यांचं म्हणणं हिशेबाने मांडू. समजा एका मालाचं सगळं काम शंभर मिनिटांचं आहे. त्यातली पंचाण्णव मिनिटं पोती भरण्याची, ती कितीही जणांत वाटता येतात. पाच मिनिटं काट्याची, ती वाटता येत नाहीत. एकोणीस हमाल लावले तर भरणी पाच मिनिटांत होते, काट्याची पाच मिळवून दहा मिनिटं. वेग दहापट. आता हजार हमाल लावा. भरणी सहा सेकंदांवर येईल, पण काटा पाच मिनिटं घेईलच. वीसपटीच्या वर वेग जाणारच नाही, मग माणसं कितीही आणा. शंभरात फक्त पाच भाग एकेरी असले तरी हे होतं. ज्या विद्यार्थ्याला हा आकडा पहिल्यांदा खरोखर कळतो त्याचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे; त्याला फसवल्यासारखं वाटतं.

वीस वर्षं हा नियम समांतर यंत्रं बांधणाऱ्यांच्या मार्गात उभा होता. १९८८ साली सँडिया प्रयोगशाळेतल्या जॉन गुस्टाफसन यांनी १०२४ प्रोसेसरांच्या यंत्रावर तीन वैज्ञानिक गणितं चालवून हजारपटीहून जास्त वेग दाखवला. अ‍ॅमडाल चुकले नव्हते. गुस्टाफसन यांनी प्रश्नच मोठा करून दाखवला. मोठं यंत्र मिळालं की माणूस तेच छोटं गणित लवकर सोडवत बसत नाही, तो मोठं गणित घेतो. भरणीचं काम वाढतं, काट्याचं तेवढं वाढत नाही, आणि एकेरी भागाचं प्रमाण घटत जातं. हे दोन निबंध एकत्रच वाचावेत. एक सांगतो की जुनं काम किती लवकर उरकेल, दुसरा सांगतो की नवं काम किती मोठं घेता येईल.

कारंज्याच्या माणसाला एकेरीपणाचा अर्थ वेगळा सांगायला लागत नाही. आमच्या गावातून जाणारी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रेल्वे, जिला सगळे शकुंतला म्हणतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसासाठी बांधली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या रुळावर चढायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. गावोगावी जिनिंग वाढले, शेतं वाढली, रूळ मात्र एकच. समोरून गाडी येत असली की स्टेशनात थांबायचं. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, तरी मार्ग एकेरीच राहिला. इंजिन बदलणं आणि रूळ दुहेरी करणं यातला फरक आमच्या आजोबांच्या पिढीने प्रवासात बसून शिकला आहे.

याच परिसरातून भारतातल्या समांतर संगणनाचा मुख्य माणूस निघाला, हे आमच्या मुलांना मी दरवर्षी सांगतो. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, जन्म १९४६. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, तोवर कारंजाही अकोल्यातच होतं, म्हणून ते आमच्या जुन्या जिल्ह्याचेच. ऐंशीच्या दशकात भारताला क्रे कंपनीचा मोठा महासंगणक अमेरिकेकडून हवा होता. हवामानासाठी एक यंत्र मिळालं, पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेलं अधिक ताकदीचं यंत्र मिळालं नाही. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली, भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला.

या यंत्राबद्दल बोलताना आपण अभिमानावर थांबतो आणि ते चालायचं कसं हे सांगायचं राहून जातं. क्रे यंत्रात मोजके, अत्यंत वेगवान आणि अत्यंत महाग प्रोसेसर असत. तसा प्रोसेसर आपल्याकडे नव्हता. सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर घेतला. टी-८०० या चिपमध्ये गणित करणारा भाग होताच, शिवाय शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या चिपमध्येच होत्या. एक चिप चार शेजाऱ्यांना जोडा, त्यांना आणखी चार, असं जाळं विणत जा. या चिपची मूळ कल्पना अशी की बोलणं हा प्रोसेसरचाच धर्म आहे, बाहेरून जोडलेली सोय नाही. तिच्यासाठी घडवलेली ऑकम ही भाषा टोनी होर यांच्या १९७८ च्या विचारावर उभी होती: स्वतंत्र कामकरी, कुणाच्या वहीत कुणी हात घालायचा नाही, जे सांगायचं ते निरोपानेच. हा विचार पुढे कुठे जाऊन पोचला ते खाली येईलच.

त्याच सी-डॅकमध्ये त्याच काळात दुसरं एक काम चालू होतं, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने ते महासंगणकाइतकंच मोलाचं आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं जिस्ट तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी धडपणे दिसावी, क ला मात्रा जोडता यावी, जोडाक्षर मोडू नये, यासाठीचं कार्ड आणि त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली यातून आली. इस्कीचं भारतीय मानक १९९१ चं. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षाची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली. आज कारंज्यातली आजी नातवाला मोबाइलवर ‘जेवला का बाप्पा’ असं लिहून पाठवते तेव्हा ती या कामाचा उपयोग करत असते. बहुतेक आढाव्यांत हे दोन धागे वेगळे ठेवतात. मला ते एकत्र दिसतात, कारण दोन्हींत प्रश्न एकच होता: यंत्राला आपसांत बोलायला आणि माणसाशी बोलायला कसं लावायचं.

परम नंतरची भारतीय गोष्ट सोळा वर्षं पुढे नेली की पुण्यातच एका वेगळ्या यशापाशी येते. टाटा सन्सच्या कंपनीने बांधलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला, आशियात पहिला, सेकंदाला ११७.९ टेराफ्लॉप या मोजलेल्या वेगाने. हजारो कोअरच्या यंत्राला ‘एक’ या अर्थाचं नाव देण्यात खोल समज आहे. २०१५ पासून राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू आहे, ठिकठिकाणी परम मालिकेची यंत्रं बसली आहेत. क्रमांकांची ही यादी मी इथेच सोडतो. क्रमांक ठरवणारी चाचणी म्हणजे समीकरणांचा एक प्रचंड, नेटका गठ्ठा सोडवणं. तसं नेटकं काम प्रत्यक्षात फार थोडं असतं.

खरी अडचण कुठे असते हे १९९० नंतरच्या संशोधनाने नीट मांडलं. त्याआधीच्या सैद्धांतिक आदर्श यंत्रात बोलणं फुकट धरलेलं असे. लेस्ली व्हॅलियंट यांनी १९९० साली जो नमुना सुचवला तो आमच्याकडे पंगतीच्या उदाहरणाने पटकन समजतो. सगळे एकदम बसतात, जो तो आपल्या पानावरचं जेवतो, मग वाढपी फिरतात, आणि शेवटचा माणूस हात धुऊन उठल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही. म्हणजे पंगतीचा वेळ ठरवतो तो सगळ्यांत सावकाश जेवणारा. शंभर प्रोसेसरांत नव्याण्णव मोकळे बसलेले आणि एक अडकलेला, हे दृश्य समांतर यंत्रांत रोजचं आहे. तीन वर्षांनी बर्कलेच्या गटाने लॉगपी हा नमुना दिला. त्यात निरोप पोचायला लागणारा वेळ, तो पाठवताना प्रोसेसरचा मोडणारा वेळ आणि दोन निरोपांमधलं सक्तीचं अंतर हे तिन्ही वेगळे मोजले. नील गुंथर यांच्या सूत्राने तर पुढचं सत्य सांगितलं: सगळ्यांना सगळ्यांशी जुळवून घ्यायचं असेल तर एका मर्यादेनंतर माणसं वाढवल्याने वेग घटतो. दहा जणांत ४५ जोड्या असतात. व्हॉट्सॲपच्या १०२४ जणांच्या गटात ५ लाख २३ हजार ७७६.

म्हणून कुठलं काम समांतर करायला चांगलं, हे त्यातल्या बोलण्याच्या आकारावर ठरतं. हवामान हे चांगलं काम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ ला प्रत्युष हा महासंगणक आला, २०२४ ला अर्क. २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली, आधी चौकट बारा किलोमीटरची होती. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि गणिताची पावलंही साधारण निम्म्या अंतराने टाकावी लागतात, म्हणजे काम आठपटीच्या आसपास जातं. तरी ते वाटता येतं. कारंज्यावरच्या हवेला पुढच्या क्षणी काय होणार हे मंगरूळपीर, मूर्तिजापूर आणि दारव्ह्यावरच्या हवेवरून ठरतं, लंडनच्या हवेला त्या क्षणी विचारावं लागत नाही. शेताला बांध असतो आणि निरोप फक्त बांधावरून द्यायचा असतो. शेत मोठं केलं की आतलं काम क्षेत्रफळाने वाढतं, बांध मात्र लांबीने.

माणसांच्या नात्यांना असा बांध नसतो. कारंज्यातल्या मुलाचा मामा पुण्यात, मावशी नागपुरात, चुलतभाऊ दुबईत, आणि तो ज्याचे व्हिडिओ पाहतो तो भलतीकडेच. समाजजाळ्याचे तुकडे कसेही पाडा, कापलेल्या दोऱ्यांचा गुंता होतोच. जे मिलग्रम यांनी पत्रांनी मोजलं ते २०११ साली मिलान विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी ७२ कोटी १० लाख माणसं आणि ६९०० कोटी मैत्रींच्या जाळ्यावर मोजलं. कोणत्याही दोघांमधलं सरासरी अंतर निघालं ४.७४ दुवे, म्हणजे मधे चारही माणसं नाहीत. समाजशास्त्राला यात आनंद आहे, समांतर यंत्राला संकट. सगळं सगळ्याच्या जवळ असेल तर वाटणी कुठे करायची?

दुसरी अडचण विषमतेची. कार्नेगी मेलनच्या गटाने २०१२ साली ट्विटरचं जाळं तपासलं तेव्हा एक टक्का बिंदूंना, म्हणजे खात्यांना, जवळपास निम्म्या जोडण्या चिकटलेल्या दिसल्या. असा एखादा माणूस ज्या प्रोसेसरच्या वाट्याला येईल तो पंगतीतला सर्वांत सावकाश जेवणारा ठरणार. त्या गटाने उपाय काढला की दोरे कापू नयेत, तो मोठा बिंदूच अनेक यंत्रांत वाटून ठेवावा. त्याच्या दोन वर्षं आधी गूगलने प्रेगेल नावाची पद्धत मांडली होती, व्हॅलियंटच्या पंगतीसारखीच, प्रत्येक बिंदू आपापला विचार करतो, शेजाऱ्यांना निरोप देतो, थांबतो. नाव क्योनिग्सबर्गच्या नदीचं, जिच्या सात पुलांवरून ऑयलर यांनी १७३६ साली आलेखशास्त्र सुरू केलं.

या सगळ्या धडाक्यात एक निबंध मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. २०१५ साली फ्रँक मॅकशेरी आणि दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: शेकडो कोअरवर चालणाऱ्या या प्रणाली एका लॅपटॉपवर, एकाच धाग्याने, म्हणजे एकामागून एक पाऊल टाकत चालणाऱ्या, नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वेगवान केव्हा होतात? प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी तुलना केली तर १२८ कोअरच्या अनेक प्रणाली त्या एकट्या धाग्यामागे पडल्या. त्या प्रणाली छान ‘वाढत’ होत्या, यंत्रं दुप्पट केली की वेग दुप्पट होत होता. पण त्यांनी आपसांतल्या बोलण्याचा एवढा बोजा आधीच चढवून घेतला होता की वाढीतले बरेचसे श्रम तोच बोजा उतरवण्यात जात होते. तालुक्याच्या गावात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा निबंध मोठा आधार आहे. आमच्या प्रयोगशाळेत महासंगणक नाही, पण चांगला विचार करून लिहिलेला एका धाग्याचा प्रोग्रॅम आमची मुलं लिहू शकतात, आणि तो हिशेबात धरावाच लागतो.

आता माणसांकडे वळू. होर यांचा निरोपांचा विचार जिथे जाऊन पोचला ते ठिकाण म्हणजे आपल्या खिशातलं व्हॉट्सॲप. त्याचा मागचा डोलारा अर्लांग भाषेत उभा राहिला. ही भाषा एरिक्सन कंपनीने ऐंशीच्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली, आणि तिचंही सूत्र तेच: प्रत्येक संभाषणाला आपला वेगळा छोटा कामकरी, कुणाची स्मृती सामायिक नाही, सगळं निरोपाने. २०१२ पर्यंत एकेका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या ते सांभाळत होते. तांत्रिकदृष्ट्या हे जवळजवळ आदर्श समांतर काम आहे, कारण माझं बायकोशी चाललेलं बोलणं आणि शेजाऱ्याचं त्याच्या भावाशी चाललेलं बोलणं यांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाही.

यंत्रासाठी जे उत्तम, ते समाजासाठी तसंच उत्तम निघालं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोचल्या होत्या. त्या घटनेबद्दल लिहिताना आजही हात थांबतो. भटक्या माणसाला ओळख विचारण्याची, चार घरी खातरजमा करण्याची गावाची सावकाश रीत असते. निरोप त्या रीतीच्या कितीतरी पुढे धावला. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर पाठवण्याचा वेग वाढला आणि तपासण्याचा तेवढाच राहिला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, पुढच्या जानेवारीत ती जगभर झाली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. ब्राझीलच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर २०१९ साली भारत, ब्राझील आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक गटांचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष जास्त सावध आहे: मर्यादेमुळे प्रसार लांबतो, पण अत्यंत वेगाने पसरणारा निरोप तिने अडत नाही. किरण गरिमेल्ला आणि डीन एकल्स यांनी २०२० साली भारतातल्या राजकीय गटांत फिरणारी चित्रं पत्रकारांकडून तपासून घेतली, त्यातली सुमारे १३ टक्के खोटी निघाली. लांबणं हेही कमी नाही, असं माझं मत आहे. राईनपाड्यात काही तासांचा उशीर मिळाला असता तर तेवढा पुरला असता.

बाजारभावाच्या निरोपाचा अनुभव याहून वेगळा आहे, आणि आमच्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. तीन अभ्यास शेजारी ठेवावेत. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली केरळच्या उत्तर किनाऱ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ मध्ये तिथे मोबाइल आले, कोळी समुद्रातूनच फोन करून भाव विचारू लागले. बंदराबंदरांतल्या भावांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळी ग्राहकाला ४ टक्के स्वस्त मिळाली. अपराजिता गोयल यांनी २०१० साली मध्य प्रदेशातल्या सोयाबीनचा अभ्यास मांडला. आयटीसीच्या ई-चौपाल केंद्रांमुळे त्या भागातल्या मंड्यांत सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वर गेला. तिसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी शंभर गावांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काही गावांतल्या शेतकऱ्यांना रॉयटर्स मार्केट लाइट ही एसएमएस सेवा वर्षभर मोफत दिली: बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला. निवडलेल्या पिकांत सोयाबीनही होतं. २०१२ साली निकाल आला. शेतकऱ्यांना सेवा उपयोगी वाटली, काहींनी माल दुसऱ्या बाजारात नेला, काहींनी प्रतवारी केली, पण हाती पडलेल्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

हे तीन निकाल एकमेकांविरुद्ध आहेत असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि या लेखात मला जे स्वतःचं म्हणायचं आहे ते हेच. केरळच्या कोळ्याजवळ होडी होती. भाव कळला की तो तोंड फिरवून दुसऱ्या बंदराला जाऊ शकत होता. मध्य प्रदेशात केंद्राबरोबर भावाची बातमी आली आणि मंडीबाहेर माल देण्याची दुसरी जागाही आली, म्हणजे दुसरा काटा आला. महाराष्ट्रातल्या गावांत नुसता निरोप आला. अकोल्यात क्विंटलमागं चार पैसे जास्त मिळतात हे कळून कारंज्याच्या शेतकऱ्याने करायचं काय? गाडीभाडं आहे. सोयाबीनमध्ये ओलावा आहे, वाळवायला खळं नाही. अडत्याकडून पेरणीच्या वेळी उचल घेतलेली आहे, माल त्याच्याच ओट्यावर टाकावा लागतो. चुकारा आजच्या आज हवा, कारण मळणीवाल्याला आणि मजुरांना आज द्यायचं आहे. निरोपाचा भाग हजारपटीने वेगवान झाला. पण शंभर मिनिटांतला निरोपाचा वाटा मुळात किती होता? अ‍ॅमडाल यांची तीन पानं इथे यंत्रापेक्षाही नेमकी लागू पडतात. जो भाग वेगवान केला तो अडलेला नव्हताच.

हे म्हणणं मी अजून कुठे सिद्ध झालेलं पाहिलेलं नाही. ते तपासायचं तर शेतकऱ्यांचं आपसांतलं बोलणं वाचणारं संशोधन हवं, आणि इथे आपण फार मागे आहोत. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने मराठीसाठी जे केलं त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. २०२१ साली त्यांनी भावना ओळखण्यासाठी सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा संच खुला केला, पुढच्या वर्षी द्वेषपूर्ण मजकुराचा २५ हजारांहून मोठा संच. पण ट्वीटमधली मराठी ही बहुतांशी सभेतली, वर्तमानपत्रातली मराठी. ‘आज मले जमत नाई, तू काऊन नाई गेला यार्डात, तुरीले भाव बम हाय’ हे वाक्य त्या संचांवर शिकलेल्या नमुन्यांना समजेल असं मला वाटत नाही. आमचे गट याच भाषेत चालतात, आणि त्यातलंही निम्मं आता आवाजी निरोपांत असतं.

कारंज्याला भाषा जपण्याची जुनी सवय आहे. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शतकानुशतकं हस्तलिखितं सांभाळली गेली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे अपभ्रंश ग्रंथ त्यातून जगापुढे आले. ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी १९३१ साली, ‘णायकुमारचरिउ’ अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैनांनी १९३३ साली संपादून कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत छापले. एकेका ओळीसाठी अनेक पोथ्या मांडून ताडून पाहिलेल्या. नकला करणारे लेखक वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या काळात, एकमेकांशी न बोलता लिहीत होते, ते काम समांतर होतं. पोथ्या ताडण्याचं काम मात्र एका संपादकाच्या एका टेबलावरच व्हायचं. तोच काटा. हजार वर्षांपूर्वीची भाषा ज्या गावाने राखली, त्या गावाची आजची भाषा कुठल्याच संचात नाही, हे मला सलतं.

म्हणून या हंगामात आम्ही एक लहान काम हाती घेतलं आहे. तृतीय वर्षाची आठ मुलं, चार यार्डं, शेतकऱ्याची संमती असेल तिथेच. प्रत्येक मालाच्या पाच वेळा लिहायच्या: फाटकातून आत, हर्रासाची बोली, शेवटचं पोतं भरलं, काटा झाला, चुकारा हातात. आणि सहावा प्रश्न तोंडी विचारायचा, उत्तर त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडीत, जसंच्या तसं टिपायचं: आजचा भाव तुम्हाला कुणाकडून कळला आणि कळल्यावर तुम्ही काय केलं. मोजणी लॅपटॉपवर, एकाच धाग्यात. पहिल्या संध्याकाळची वही माझ्यासमोर आहे. सहाव्या प्रश्नाखाली एका शेतकऱ्याचं उत्तर मुलीने जपून उतरवलं आहे: “भाव त सकाळीच मालूम झाला होता, पन ट्रॅक्टर भावाचा हाय, त्याले चार वाजता वापस द्याचा होता.”